हातात थापी नसलेला माणूस

मानोऱ्यात आर्ट गॅलरी नाही. नसणारच म्हणा. वाशीम जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव. इथे सोयाबीनचा भाव, तुरीवरची अळी आणि कोणाची पोरगी कुठे दिली यावर तासन् तास बोलणं होतं. "काल एक प्रदर्शन पाहिलं" असं म्हणालात, तर लोक विचारतील, कृषी प्रदर्शन का?

चित्रं मात्र आमच्याकडे भरपूर. कटिंगच्या दुकानात हिरो, रसवंतीच्या पाटीवर हिरवागार ऊस आणि त्याहून हिरवा पोपट, देवघरात मुळगावकरांच्या वळणाच्या देवी. शाळेच्या व्हरांड्यात बारा बलुतेदारांचा तक्ता होता. कुंभार चाकापाशी, लोहार ऐरणीपाशी, चांभार आरी घेऊन. शिवाय एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकलेच्या परीक्षा. माझी इंटरमिजिएटला सी ग्रेड आहे, तेव्हा पुढे जे लिहितोय ते एका सी ग्रेडवाल्याचं मत आहे हे ध्यानात ठेवून वाचा. त्या परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो. बाजार काढा, बसस्टँड काढा, शेतातलं दृश्य काढा. आमचे ड्रॉइंगचे सर सांगायचे, माणूस काढला की त्याच्या हातात काहीतरी द्या. नाहीतर तो काय करतोय हे परीक्षकाला कळत नाही. म्हणून आम्ही सगळ्यांच्या हातात काही ना काही द्यायचो. छत्री, पिशवी, विळा. काहीच नाही सुचलं तर काठी.

हे सगळं आठवायचं कारण सुधीर पटवर्धन.

ज्यांना नाव माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. पटवर्धन मूळचे पुण्याचे, जन्म १९४९. पुण्याच्याच आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाले, मुंबईला आले आणि ठाण्यात रेडिओलॉजिस्ट म्हणून १९७५ ते २००५ अशी तीस वर्षं त्यांनी प्रॅक्टिस केली. चित्रकलेचं कॉलेज नाही, डिग्री नाही. दिवसा एक्स-रे बघायचे आणि उरलेल्या वेळात चित्रं काढायची. चित्रं कसली, तर लोकलचा डबा, इराण्याचं हॉटेल, रेल्वेचा पूल, नाला, उल्हासनगर, लोअर परळ. आणि माणसं. कारखान्यातून सुटलेली, रस्त्याच्या कडेला उभी असलेली, डब्यात बसून कुठेच न बघणारी. आपण ज्यांना रंगवतो त्यांना त्या चित्रात स्वतःला बघता यावं, ही इच्छा त्यांनी अगदी पहिल्या प्रदर्शनाच्या वेळी, म्हणजे १९७९ मध्येच मांडली होती. मला या माणसाबद्दल कुतूहल वाटायला लागलं ते या एका इच्छेमुळे. चित्रकार असं सहसा बोलत नाहीत. आणि बोलले तरी पुढे ते कोणी तपासून बघत नाही.

शिवाय हे नुसतं बोलणं नव्हतं. २००८-०९ मध्ये त्यांनी समकालीन भारतीय चित्रकारांच्या चित्रांचं 'विस्तारणारी क्षितिजे' नावाचं फिरतं प्रदर्शन मांडलं आणि ते महाराष्ट्रातल्या शहराशहरांत नेलं. आमच्या बाजूला नागपूरला आणि अमरावतीला आलं होतं. अमरावती म्हणजे आम्हाला कारंज्यावरून जवळच. पण अमरावतीत आलेली गोष्ट मानोऱ्यात कळायला त्या काळी एक तर कोणीतरी मरावं लागायचं किंवा निवडून यावं लागायचं. मला ते कळलं तेव्हा प्रदर्शन पुढच्या गावाला गेलेलं होतं.

मग दहा वर्षांनी योग आला. मुंबईच्या नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये पटवर्धनांच्या आजवरच्या सगळ्या कामाचं मोठं प्रदर्शन भरलं. 'वॉकिंग थ्रू सोल सिटी' असं त्याचं नाव, मांडणी नॅन्सी अदजानिया यांची, ३० नोव्हेंबर २०१९ ते १२ फेब्रुवारी २०२०. याच गॅलरीत त्या आधीच्या फेब्रुवारीत प्रभाकर बरव्यांच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनात अमोल पालेकरांना बोलता बोलता मधेच थांबवलं गेलं होतं, आठवत असेल. पालेकर त्या वेळी हेच विचारत होते, की स्थानिक चित्रकारांची सल्लागार समिती बरखास्त केल्यावर इथे कोणाला जागा द्यायची हे ठरवणार कोण. त्यामुळे पुढे पटवर्धनांचं प्रदर्शन तिथेच भरलं याचा बाहेर बसून का होईना, मला आनंद झाला होता.

जानेवारीत एका लग्नासाठी ठाण्याला जायचं होतं. उतरायला दादाकडे. दादा म्हणजे माझ्या मोठेबाबांचा मुलगा. १९९७ मध्ये मानोऱ्याहून निघाला. त्या वर्षी कापसाचं काय झालं होतं हे घरातल्या कोणालाही विचारा, प्रत्येकजण वेगळं सांगेल. निघाला एवढं खरं. आधी सेंट्रिंगवर बिगारी, मग स्वतः सेंट्रिंग ठोकायला लागला, मग प्लास्टर शिकला, आता मिस्तरी. हाताखाली चार माणसं. ठाण्यात पोखरण रोडला कारखाने बंद पडून जे टॉवर उभे राहिले, त्यातल्या तीन-चार टॉवरच्या भिंती त्याच्या हातच्या आहेत. (तो म्हणतो पाच. वहिनी म्हणते तीन.)

मी दादाला म्हटलं, रविवारी सुट्टी आहे तर चल माझ्यासोबत, ठाण्याच्या एका डॉक्टरांनी तुमच्या लोकांची चित्रं काढलीत ती बघून येऊ.

"आमच्या म्हणजे कोनाच्या?"

"कामावरच्या लोकांच्या."

"डॉक्टरनं? कायले?"

या 'कायले'चं उत्तर माझ्याकडेही नव्हतं. पण तो आला. इस्त्रीचा शर्ट घालून आला.

ती गॅलरी बघण्यासारखी आहे. बाहेरून जुना कावसजी जहांगीर हॉल, आत शिरल्यावर अर्धगोल दालनं एकावर एक चढत जातात आणि सगळ्यात वर घुमट. पायऱ्या चढत चढत चित्रं बघायची. दादाने पहिली पाच मिनिटं चित्रांकडे बघितलंच नाही. तो जिना बघत होता, भिंतीचा बाक बघत होता, कठड्यावरून खाली वाकून बघत होता. "जुनं काम हाय, पन भारी काम हाय," असं प्रमाणपत्र देऊन मग चित्रांकडे वळला.

आधी जे आवडलं ते सांगतो. छापील पानावरून या चित्रांच्या आकाराची कल्पनाच येत नाही. समोर उभं राहिलं की आपण त्या उपनगरात आहोत असं वाटतं. वर डोंगर, मधे अर्धवट इमारती, खाली रूळ, कडेला झोपड्या, आणि हे सगळं एकाच जागेवरून बघितलेलं नाही. कुठे आपण गच्चीवर असतो, कुठे रस्त्यावर. डोळा फिरेल तसं गाव फिरतं. मुंबई अशीच तर दिसते, तुकड्यातुकड्याने, लोकलच्या दारातून. दुसरं म्हणजे दया नाही. गरिबांची चित्रं काढणारे बरेच जण आपल्याला रडवायला बसलेले असतात. मोठे डोळे, फाटका सदरा, कडेवर पोर. पटवर्धनांची माणसं आपल्याकडून काही मागत नाहीत. ती जड आहेत, रुंद आहेत, जमिनीवर नीट उभी आहेत. बऱ्याच वेळा तर आपण तिथे आलोय याची त्यांना पर्वाच नाही. हे मला फार आवडलं.

आणि जागा! नाला हा चित्राचा विषय होऊ शकतो, रेल्वेचा पूल हा चित्राचा विषय होऊ शकतो, हे आज आपल्याला साधं वाटतं. पण ज्या काळात ठाण्या-कल्याणच्या बाजूला कोणी चित्रकार ढुंकून बघत नव्हता, तेव्हा हा माणूस तिथेच राहत होता आणि तेच काढत होता. गावाकडच्या माणसाला मुंबई म्हणजे गेटवे आणि राणीचा हार. दादासारखा माणूस ज्या मुंबईत खरोखर उतरतो ती ही, पटवर्धनांची.

एका मोठ्या चित्रासमोर दादा थांबला. बराच वेळ थांबला. पुढे एक माणूस उभा होता, कामावरचा वाटावा असा. हात खाली सोडलेले, खांदे उतरलेले. मागे अर्धवट बांधकाम. मला वाटलं दादाला काहीतरी आठवलं. मी गप्प राहिलो. मग तो म्हणाला,

"हा थकलेला बरोबर काढला. असाच उभा राह्यते मानूस सांजच्या टायमाले. कंबर पाह्य त्याची. डाव्या पायावर भार घेतला. याचं कंबरडं गेलेलं हाय."

मी म्हटलं, डॉक्टर आहेत ना ते.

"हाव, ते दिसतेच. पन हा मिस्तरी हाय का बिगारी? का नुसताच उभा हाय? याच्या हातात काईच नाई." आणि पुढे, जरा आवाज खाली करून, "अन् मागची ते बिल्डिंग कोन बांधून रायलं?"

त्यानंतर आम्ही वर घुमटापर्यंत गेलो, सगळं बघितलं, आणि आता मला प्रत्येक चित्रात हातच दिसायला लागले. मांडीवर ठेवलेले हात, बाजूला लोंबणारे हात, डब्यात वरची दांडी धरलेला हात. ही माणसं कामावरून आलेली आहेत किंवा कामावर निघालेली आहेत. प्रत्यक्ष काम करताना फार कमी. अपवाद आहेतच, एवढ्या वर्षांच्या कामात असणारच. पण एकूण प्रदर्शनातून बाहेर पडताना मनात राहतो तो थांबलेला माणूस.

माझं म्हणणं असं आहे. पटवर्धनांची नजर डॉक्टरची आहे आणि ती त्यांची मोठी ताकद आहे. कामाने शरीराचं काय केलं हे त्यांना दिसतं, तसं दुसऱ्या कोणाला दिसलेलं मला तरी माहीत नाही. मणका, खांदा, पोट, टाच, कुठे वजन पडलंय, कुठे सूज आहे. एक्स-रेच्या फिल्मवर जे तीस वर्षं बघितलं ते कॅनव्हासवर उतरलंय. पण शरीराने कामाचं काय केलं, हा अर्धा भाग त्या नजरेतून सुटतो. दादाची कंबर गेली हे खरं. पण त्याच दादाला ओळंबा न लावता भिंत कुठे फुगलीय ते कळतं. प्लास्टरवर नुसता तळहात फिरवून तो सांगतो की इथे उद्या भेग पडणार. हे त्याच्या शरीरातच आहे, कंबरेइतकंच. डॉक्टरकडे जाताना मात्र तो ते घरी ठेवून जातो. दवाखान्यात माणूस फक्त दुखणं घेऊन जातो ना.

हे मी अकोल्याच्या एका चित्रकार मित्राला फोनवर सांगितलं तर तो भडकलाच. म्हणाला, तुला बारा बलुतेदारांचा तक्ता पाहिजे का? माणसाच्या हातात अवजार दिलं की तो माणूस राहत नाही, तो 'कुंभार' होतो, 'लोहार' होतो. कॅलेंडरवाल्यांनी आणि सरकारी भित्तिचित्रवाल्यांनी तेच केलं. कामगार म्हटलं की उचलला हातोडा. पटवर्धनांनी ते अवजार काढून घेतलं आणि पहिल्यांदा त्या माणसाला नुसतं असू दिलं. हॉटेलात बसलेला असू दिला. तुम्ही बँकेतल्या माणसाचं चित्र काढताना त्याच्या हातात नोटांचं पुडकं देता का?

मुद्दा बिनतोड आहे आणि मी तो मानतो. आमच्या सरांची छत्री-पिशवी-विळ्याची शिकवण आठवली की जास्तच मानतो. माणसाला त्याच्या धंद्यात कोंबायचं नाही, हे त्या चित्रांतलं मोठेपण आहे. पण तरी माझं समाधान होत नाही. कारण अवजार काढून घेताना त्याच्यासोबत कसबही निघून गेलं. तक्त्यातला कुंभार खोटा होता, पण त्याला मडकं करता येतं एवढं तरी त्या तक्त्याला माहीत होतं. अवजार हे माणसाला चिकटवलेलं लेबलही असू शकतं आणि त्याचं डोकंही. दादा जे विचारत होता ते लेबल नव्हतं. 'हा मिस्तरी का बिगारी' या प्रश्नात त्याची वीस-बावीस वर्षं होती. बिगारीचा मिस्तरी व्हायला काय लागतं ते त्याला विचारा. आणि चित्रात तो फरक नव्हता. दोघेही सारखेच थकलेले.

असो. हे इतक्यावर थांबलं असतं तर कदाचित मी लिहिलंही नसतं. पण प्रदर्शन १२ फेब्रुवारीला संपलं आणि सहा आठवड्यांत लॉकडाऊन लागलं. त्या चित्रांतले पूल, डबे, नाके रिकामे झाले आणि तिथली माणसं रस्त्याने चालायला लागली. दादाने एप्रिल कसाबसा काढला. मे महिन्यात निघाला. थोडं पायी, थोडं ट्रकने, पुढे मिळेल त्या गाडीने, वहिनी आणि दोन पोरांसह मानोऱ्यात पोचला. चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेच्या खोलीत, आणि मग घरी. मोठेबाबा रोज सकाळी शाळेच्या फाटकाशी जाऊन लांबूनच बघून यायचे. बोलायचे नाहीत. मोठेबाबांच्या आणि दादाच्या बोलण्यात १९९७ पासून एक अडसर होता. म्हाताऱ्याचं म्हणणं, शेती सोडून गेला. दादाचं म्हणणं, शेतीने मला सोडलं.

त्या दिवसांत माझ्याकडे पटवर्धनांवरचं एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं, त्याच अकोल्याच्या मित्राने वाद पुढे चालवायला पाठवलेलं. एका दुपारी मी ते ओसरीवर बघत बसलो होतो. दादा शेंगा फोडत होता. पोखरण रोडच्या भागाची चित्रं आली तसा तो सरकून जवळ आला. "हा येऊरचा डोंगर. अठी आता काईच दिसत नाई, टॉवरच टॉवर." मग वहिनी आली. मग मोठेबाबा काठी टेकत आले आणि विचारलं, काय पाहून रायले?

मी म्हटलं, दादाचं गाव.

त्यांनी पुस्तक मांडीवर घेतलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, तरी भिंग लागायचं. एक दोन पानांवर पसरलेलं चित्र होतं, गर्दीचं. मोठेबाबा त्या गर्दीवरून बोट फिरवत होते, अगदी सावकाश, डावीकडून उजवीकडे, जसं आपण तांदळातले खडे बघतो तसं. मला आधी कळलंच नाही ते काय शोधताहेत.

मग एका पाठमोऱ्या माणसावर बोट थांबलं. "हा."

"हा काय?"

"आपला हा. पाठीवरून वळखू येते."

दादा हसायला लागला. "बाबा, हे चित्र कवाचं हाय पाह्य ना. तवा मी अठी शाळेत होतो. तुमीच नेऊन सोडत होते."

"असू दे," मोठेबाबा म्हणाले. भिंग तिथेच धरून ठेवलं. "चालनं तेच हाय."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला त्या पानाची कलर झेरॉक्स आणायला सांगितली. लॉकडाऊनमुळे दुकान बंद, दुकानदार ओळखीचा म्हणून मागच्या दाराने काढून दिली. ती त्यांनी खाटेच्या उशाशी, कॅलेंडरच्या बाजूला टाचणीने लावली. पुढे दादा ठाण्याला परत गेला, कामं सुरू झाली, झेरॉक्स तिथेच राहिली. कोणी पाहुणा आला की ते बोट दाखवून सांगायचे, हा आमचा, ठान्याले असते.

आता या प्रसंगाने माझी टीका खोटी ठरते का? मी यावर पुष्कळ विचार केलाय. एका अर्थी पटवर्धनांना १९७९ पासून जे पाहिजे होतं तेच झालं. फक्त ओळखणारा, ज्याचं चित्र आहे तो माणूस नव्हता. दादाने गॅलरीत स्वतःला ओळखलं नाही, त्याने कामाचा पत्ता विचारला. ओळखलं ते त्याच्या बापाने, ज्याने त्याला तेवीस वर्षं कामावर असताना कधी बघितलंच नव्हतं. मोठेबाबांच्या डोक्यातला दादाही असाच होता. निघालेला, पाठमोरा, हातात काही नसलेला. म्हणून तर तो त्यांना त्या चित्रात सापडला. चित्राने आणि मोठेबाबांनी दादाला एकाच अंतरावरून बघितलं होतं.

आणि एक. त्या पुस्तकातली जी माणसं मी पुन्हा पुन्हा बघितली, त्यांच्या मागे शहर आहे, डोंगर आहे, कारखाना आहे. पण ती जिथून आली ते गाव नाही. चित्रकार ठाण्याचा, त्याने ठाणं काढलं, त्यात गैर काहीच नाही. पण मानोऱ्याच्या स्टँडवर दिवाळीनंतर उभं राहून बघा. तांड्यातांड्यांवरून ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडं, पुण्या-मुंबईच्या गाड्यांखाली ठेवलेली पिठाची पोती, लोणच्याच्या बरण्या. ती पोती तिकडे उतरतात. चित्रात मला पोतं दिसलं नाही. ठाण्याचा चित्रकार ते काढणार नाही हे समजू शकतो, मग ते काढायचं कोणी? आमच्या इथला कोणी पोरगा ड्रॉइंगची परीक्षा देऊन निघाला, तर तो अजूनही सूर्यास्त आणि डोक्यावर घागर घेतलेली बाई काढतो. घागर तरी असते, एवढंच.

मोठेबाबा २०२३ मध्ये गेले. झेरॉक्सचे रंग उडत चाललेत, पण मोठ्याईने ती काढू दिलेली नाही.

मानोऱ्यात गॅलरी नाही असं मी सुरुवातीला म्हटलं ते गावापुरतं. तालुक्यात आता आहे. पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालय झालं, नंगाऱ्याच्या आकाराची इमारत, आत तेरा दालनं. ५ ऑक्टोबर २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटन झालं. लमाणांचे बैलांचे तांडे मीठ आणि धान्य घेऊन देशभर फिरायचे, रेल्वे आली आणि तो धंदा गेला, १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी ज्या जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारायला सुरुवात केली त्यांत पुढे हेही ओढले गेले. ही सगळी कथा आमच्याच तालुक्यातल्या देवस्थानाजवळ आता छपराखाली आली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या दालनांबद्दल सावकाशीने, एक-दोनदा बघून झाल्यावर वेगळं लिहीन.

त्या दिवाळीला दादा आला होता. मोटारसायकलवर आम्ही पोहरादेवीला गेलो. देवीचं दर्शन घेतलं, सेवालाल महाराजांच्या समाधीवर डोकं टेकलं. मग संग्रहालयासमोर आलो तसा दादा थांबला. मी आत चल म्हणत होतो, तो जागचा हलेना. मान वर करून त्या नंगाऱ्याच्या फुगीर पोटाकडे बघत होता.

"हे गोल धरलं कसं असन?" तो म्हणाला. "सरळ भिंत कोनीबी उभी करते. हे पाह्य, अठून असं बाहेर येते, अन् मंग असं आत जाते." त्याने दोन्ही तळहात हवेत धरले आणि तो बाक काढून दाखवला, एकदा, दोनदा, मग जरा मागे सरकून तिसऱ्यांदा.

मी मोबाइलवर त्याचा फोटो काढला. इमारत छान आलीय. हात मात्र हललेत.